भोपळा

रात्री बारानंतरचा सेल होता.
एक टीबी, चारशे नव्व्याण्णव, घरपोच,
खाली कुणाकुणाचे पाच-पाच तारे:
‘मस्त आहे.’ ‘मस्त आहे.’
‘अजून उघडलं नाही, पण मस्त आहे.’
मी हसले, आणि घेतलं.

मिरजेत शहापूरकरांच्या दुकानात
तेवढ्या पैशांत बत्तीस जीबी येतं,
वर बिल, वर शहापूरकरांचं तोंड:
‘एवढं काय भरायचंय तुम्हाला, मॅडम?’

कार्ड आलं. करंगळीच्या नखाएवढं.
पाकिटावर कंपनीचं नाव, त्यातलं एक अक्षर
किंचित जाड,
पेपरात खोडून पुन्हा लिहिल्यासारखं.
फोननं विचारलं, किती मावतं?
कार्ड म्हणालं, हजार.
फोननं विश्वास ठेवला. फोनवर मी.

अकरा दिवस सतारमेकर गल्लीत
दस्तगीरचाचांसमोर बसले.
माळ्यावरून ते एकेक भोपळा उतरवत,
पेरानं टकटक करत, कान लावत.
‘हा नको. आतून गेलाय.’
दिसायला तोच सगळ्यांत गोल.
सगळं टिपलं मी:
लाखेचा वास सोडून सगळं.
घोडीवर श्वास रोखून फिरणारी कानस,
जवारी खुलली तेव्हा
भिंतीपर्यंत जाऊन परत आलेला षड्ज,
आणि चाचांच्या वडिलांनी एका गवयाला
एक पैसा न घेता दिलेला तंबोरा.
‘त्याचं नाव मात्र घालू नकोस.’

घरी येऊन बघते तर
फायली सगळ्या रांगेत. नावं आहेत,
तारखा आहेत, वजनसुद्धा आहे.
उघडत नाहीत.
पहिल्या दिवसाचा दीड तास तेवढा शिल्लक:
बशीत चहा ओतल्याचा आवाज,
आणि चाचा तीनदा विचारतात,
‘चालू झालं का?’

आमचे एक मामा होते,
लग्नघरात कुठलंही काम सांगा,
‘झालंच समज’ म्हणायचे.
मंडपवाला आलाच नाही शेवटी.

शहापूरकरांनी कार्ड उजेडात धरलं.
‘आत सोळाच असतंय, मॅडम.
वर हजार म्हणायला शिकवून ठेवतात.
सोळा भरलं की पुढचं नुसतं हो हो म्हणतंय.
घेतल्या घेतल्या काठोकाठ भरायचं,
आणि सगळं परत काढून बघायचं.
सांगलीत हळद घेताना
कांडी मोडून बघता, का पोत्यावरचा शिक्का वाचता?’

मी बत्तीसचं घेतलं. बिलासकट.

गल्लीत गेले. म्हटलं,
‘चाचा, कार्डानं हातात भोपळा दिला हो,’
आणि जीभ चावली.
चाचांनी कानस खाली ठेवली.
‘भोपळ्याला कशाला बदनाम करतेस, बेटी?
तो रिकामा असतो,
वाजवलं की रिकामा आहे म्हणूनच सांगतो.
म्हणून तर सूर राहतो त्याच्यात.
भरलोय म्हणणारा भोपळा
साठ वर्षांत माझ्या हाताला लागला नाही.’

त्या रात्री नव्या कार्डात
मी पंख्याचा आवाज भरला, पहाटेपर्यंत,
काठ येईतोवर.
मग दोन दिवस तोच ऐकत स्वयंपाक केला.
सगळा होता. मधे एकदा लाईट गेली,
ती शांतताही होती.

परत बसले चाचांसमोर.
‘तो गवयाचा तंबोरा सांगा ना पुन्हा.’
चाचांनी सांगितला.
या वेळी त्यात वडील नव्हते, आजोबा होते,
गवई नव्हता, त्याची बहीण होती,
आणि पैसे घेतले होते,
हप्त्यानं का होईना, पण पूर्ण.

मी पेर उचललं,
पण टकटक करावी अशी जागा सापडेना.

नव्या कार्डानं ते
जसंच्या तसं ठेवलं आहे.